पोटातली गाठ आणि नागपुरातलं कॅन्सर हॉस्पिटल, आमचा पूर्ण रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो पार्किंग आणि फार्मसीच्या रांगेसाठी, उपचारात बोट ठेवायला जागा नाही. पेशंट आमचे मोठे बाबा, वय ६१, काटोलकडचे, आयुष्यभर संत्र्याची बाग सांभाळणारा माणूस, आणि आजार निघाला पोटाच्या मागच्या भागातला सॉफ्ट टिश्यूचा ट्यूमर, रेट्रोपेरिटोनियल लायपोसारकोमा. हे नाव आमच्या घरात याआधी कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. मराठीत शोधायला गेलं तर जे सापडतं ते एकतर घाबरवून सोडणारं नाहीतर काढा विकणारं, म्हणून म्हटलं आपणच नीट लिहू, लांब झालं तरी चालेल.

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही. एक तर मोठ्या बाबांना ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की लोक फक्त नाव वाचतात आणि फोन नंबर मागतात, तिथे नेमकं काय चांगलं झालं ते कोणी वाचत नाही. नागपुरात आता पर्याय बरेच आहेत, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमध्ये एम्स आहे, शिवाय धंतोली-रामदासपेठेत प्रायव्हेटवाले भरपूर. आधी अशी गाठ निघाली की विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढून मुंबईला टाटाला जायचं हा एकच रस्ता लोकांना माहीत होता. आता तसं राहिलं नाही. पण पोटातल्या गाठीसाठी कुठलंही हॉस्पिटल पारखायचं असेल तर एक गोष्ट बघा, सुरी लावायच्या आधी ते लोक काय काय करतात. आमचा सगळा रिव्ह्यू या एकाच मुद्द्यावर आहे.

आता आजाराचं सांगतो, कारण खरी गोची तिथेच होते. मोठ्या बाबांना दुखत काहीच नव्हतं. पोट हळूहळू वाढत होतं आणि घरचे सगळे म्हणत होते वय झालं, आता पोट सुटणारच. पण चेहरा उतरलेला, दंड बारीक झालेले आणि पोट तेवढं पुढे, हे मोठ्या आईच्या सगळ्यात आधी लक्षात आलं, ती म्हणे माणूस जाडा होतो तर सगळीकडून होतो, यांचं पोटच काहून वाढून राहिलं. मग जेवण कमी झालं, एक भाकर खाल्ली की पोट गच्च. गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, त्याने थोडं बरं वाटायचं, परत तेच. नंतर डावा पाय संध्याकाळी सुजायला लागला, मोज्याच्या रबराचा वळ उमटून राहायचा, उजव्या पायावर तसं काही नाही. कंबर दुखायची ती शेतीच्या कामाने दुखते असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं.

सॉफ्ट टिश्यू म्हणजे आपल्या अंगातली चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि हे सगळं जोडून ठेवणारं ऊतक. यातून जो कॅन्सर होतो त्याला सारकोमा म्हणतात, आणि तो चरबीचा असेल तर लायपोसारकोमा. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये हा साधारण १ टक्का, म्हणजे दुर्मिळच, आणि त्यातलेही १० ते १५ टक्केच पोटाच्या मागच्या जागेत होतात. आपल्या आतड्यांवर पेरिटोनियम नावाचं पातळ आवरण असतं, त्याच्या मागे, पाठीच्या बाजूला, किडन्या, स्वादुपिंड, शरीराच्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि भरपूर मोकळी जागा असते. मोठ्या गोदामात मागच्या भिंतीपासून पोती रचत जावी आणि ती दारापर्यंत येईस्तोवर बाहेरच्याला पत्ता लागू नये तसं इथे होतं. गाठ वाढते, आतडी बाजूला सरकवते, किडनी ढकलते, आणि माणूस रोजची कामं करत राहतो. म्हणून या गाठी सापडतात तेव्हाच बऱ्याचदा १०, १५ सेंटीमीटरच्या वर गेलेल्या असतात. मोठ्या बाबांची सीटीत २३ सेंटीमीटर निघाली, आकडा ऐकून आम्ही सगळे सुन्न.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे की दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही. सारकोमात उलटं आहे, बहुतेक वेळा तो दुखतच नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाठ ५ सेंटीमीटरच्या वर असेल, खोलवर असेल किंवा वाढत असेल तर ती दुखो न दुखो, तपासायचीच. बाकीच्या खुणा म्हणजे थोडंसं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, पोटाचा घेर वाढणं पण वजन न वाढणं, एकाच पायाला सूज (गाठ शिरेवर दाबते म्हणून), पाठीतून मांडीत उतरणारं दुखणं किंवा बधीरपणा (नसेवर दाब आला तर), लघवीच्या नळीवर दाब येऊन किडनीला सूज, आणि पुरुषांमध्ये मोठ्या वयात अचानक अंडकोषाच्या शिरा फुगणं, खासकरून झोपल्यावरही त्या उतरत नसतील तर. कधी कधी जांघेत सूज येते आणि लोक हर्निया समजून बसतात. यातलं एखादं लक्षण म्हणजे कॅन्सरच असं बिलकुल नाही, बहुतेकांना गॅसच असतो नाहीतर साधी चरबीची गाठ, बायकांमध्ये फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ. पण गॅसच्या गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यात फरक नाही तर एक सोनोग्राफी करून घ्यायला काय जातं?

सोनोग्राफी आम्ही धंतोलीतल्या एका सेंटरला केली. त्या मॅडमना वेगळा रिव्ह्यू द्यायला पाहिजे खरं तर. प्रोब फिरवताना त्या थांबल्या, मोठ्या बाबांना कुशीवर वळवलं, परत बघितलं, पुन्हा पाठीवर झोपवलं. मग गाठ आहे एवढं लिहून मोकळ्या झाल्या नाहीत, रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की गाठ किडनीतून निघालेली वाटत नाही, किडनीला पुढे ढकलते आहे, कॉन्ट्रास्ट सीटी करावा. ही एक ओळ फार महत्त्वाची होती, कारण गाठ कुठून निघाली यावर पुढचं सगळं ठरतं.

कॉन्ट्रास्ट सीटी म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेला सीटी स्कॅन, त्यात रक्तवाहिन्या आणि गाठीचे वेगवेगळे भाग उठून दिसतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते सांगणारी तपासणी) बघतात, कारण ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं. काही तास उपाशी बोलावतात, आणि शुगरची गोळी चालू असेल किंवा आधी कुठल्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली असेल तर ते टेक्निशियनला आधीच सांगायचं. औषध आत गेलं की अंगभर गरम वाटतं, मोठे बाबा घाबरले होते पण आतल्या मुलाने माइकवरून, काका गरम वाटेल, एक मिनिटात जाईल, असं आधीच सांगितल्यामुळे निभलं. सीटीची सीडी मात्र मागून घ्या. फिल्म मिळते पण मोठ्या हॉस्पिटलला सीडीच लागते, आणि ती नसेल तर पुन्हा स्कॅन, पुन्हा खर्च.

मधे एक प्रकार झाला तो पण लिहितो. सीटी घेऊन ओळखीने एका हॉस्पिटलला गेलो, नाव लिहिणार नाही. तिथल्या सर्जननी फिल्म खिडकीपाशी धरून बघितली आणि म्हणाले उद्या ॲडमिट करा, परवा काढून टाकू, मोठी चरबीची गाठ आहे. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) नाही, छातीचा स्कॅन नाही, किडनी काढावी लागेल का याचा विषय नाही. मोठ्या बाबांचा मुलगा तयार झाला होता, वडिलांच्या पोटात एवढी गाठ आहे म्हटल्यावर कोणालाही वाटणारच की आजच्या आज निघावी. मोठी आईच अडून बसली, म्हणे एवढी मोठी आहे तर एकाच्या म्हणण्यावर नाही कापायची. तिच्या त्या वाक्यामुळे आम्ही कॅन्सर हॉस्पिटलला पोचलो.

ती अडून बसली हे किती बरं झालं ते नंतर कळलं. पोटाच्या मागे गाठ दिसली म्हणजे सारकोमाच असेल असं नसतं. तिथे लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) असू शकतो, त्याला केमो लागते, मोठं ऑपरेशन करायची गरजच नसते. तरुण मुलांमध्ये अंडकोषाच्या ट्यूमरच्या गाठी तिथे पसरलेल्या असू शकतात, त्याचाही मुख्य उपचार केमोच. आपल्याकडे पोटातला टीबी असतो, तो तर गोळ्यांनी बरा होतो. आणि सारकोमा असेलच तर तो पहिल्याच ऑपरेशनमध्ये अख्खा, न फोडता, आजूबाजूच्या चिकटलेल्या अवयवासकट निघाला पाहिजे. अर्धवट काढला, आत फुटला, तर तो पोटातच पुन्हा येतो आणि दुसऱ्यांदा काढणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. पेशंटला सगळ्यात चांगली संधी पहिल्या ऑपरेशनचीच, असं आम्हाला तिथल्या प्रत्येक डॉक्टरने सांगितलं.

आता कॅन्सर हॉस्पिटलचं. सकाळी लवकर गेलात तर रजिस्ट्रेशन पटकन होतं, उशीर केला की मग गर्दी, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाटचे पेशंट रात्रीच्या गाडीने येऊन बसलेले असतात. फाइल बनली की सोशल वर्करचं काउंटर आहे, तिथली ताई फार कामाची. कार्ड कोणतं, योजना बसते का, राहायची सोय आहे का, हे न विचारता सांगते.

सर्जिकल ऑन्कोलॉजीच्या डॉक्टरांनी आधी सीटी बघितलाच नाही. मोठ्या बाबांना झोपवून पोट तपासलं, मग जांघ, मग दोन्ही पिंढऱ्या बोटाने दाबून सूज बघितली, अंडकोषही तपासले, मोठे बाबा ओशाळले तर म्हणाले काका, हे बघितल्याशिवाय पोटाची तपासणी पूर्ण होत नाही. त्यानंतर सीडी लावली. आणि मग फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने चित्र काढलं, इथे पाठीचा कणा, ही महाधमनी, ही डावी किडनी, आणि ही गाठ, हा भाग नुसत्या चरबीसारखा आहे आणि हा भाग घट्ट आहे, आपल्याला या घट्ट भागाची चिंता आहे. ते चित्र अजून फाइलमध्ये आहे. शेती करणाऱ्या माणसाला पाच मिनिटात सगळं समजलं आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, किडनी जाईल का? डॉक्टर म्हणाले बहुतेक जाईल, पण आधी उजवी किती काम करते ते बघू. गोल-गोल बोलणं नाही, मला हे फार आवडलं.

बायोप्सीवरून घरात वाद झाला. गावाकडून फोनवर फोन, सुई लावू नका, सुई लावली की पसरतो. ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. डॉक्टरांनी समजावलं की जाड सुईची बायोप्सी, म्हणजे कोअर बायोप्सी, सीटीत बघून, पाठीच्या बाजूने, एका बाहेरच्या नळीतून सुई आत-बाहेर करून केली तर गाठ पसरायचा धोका अगदी कमी असतो. पाठीकडून जायचं कारण म्हणजे पुढून गेलं तर आतड्याची मोकळी जागा ओलांडावी लागते. बारीक सुईची एफएनएसी इथे पुरत नाही, त्यात नुसत्या सुट्या पेशी येतात, सारकोमाचा प्रकार ठरवायला ऊतकाचा तुकडा लागतो. आणि सुई त्या घट्ट भागातच मारायची, नुसत्या चरबीत मारली तर रिपोर्ट साधी गाठ म्हणून यायची शक्यता. हेही सांगितलं की कधी कधी सीटीवर चित्र इतकं स्पष्ट असतं की बायोप्सी न करता सरळ ऑपरेशन करतात, पण तो निर्णय अशा गाठी नेहमी बघणाऱ्या टीमने घ्यायचा.

रिपोर्ट यायला वेळ लागला आणि तो वेळ फार जड गेला, त्याबद्दल मी स्टार कापणार होतो पण कारण कळल्यावर नाही कापला. सारकोमाचे ५० च्या वर प्रकार आहेत. नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून भागत नाही, त्यावर वेगवेगळ्या प्रोटीनच्या चाचण्या करतात, लायपोसारकोमात एमडीएम२ नावाच्या जीनच्या कॉपी वाढल्यात का ते बघतात. आमच्यात वाढलेल्या निघाल्या. एक लक्षात ठेवा, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड पेशंटला मागता येतात, दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर पुन्हा सुई टोचायची गरज नाही, तोच ब्लॉक घेऊन जायचं. इथल्या लॅबने मागितल्यावर कुरकुर न करता दिला.

मग ट्यूमर बोर्ड. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकेका पेशंटची केस ठरवतात. पेशंटला आत घेत नाहीत, पण काय ठरलं ते फाइलमध्ये लिहून देतात आणि वाचून दाखवतात. छातीचा सीटी क्लिअर होता, हा आजार पसरला तर फुप्फुसात जाऊ शकतो म्हणून तो आधीच करून घेतला होता. डीटीपीए स्कॅन (कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारा) करून उजवी किडनी एकटी भार उचलेल याची खात्री केली. मी रेडिएशनचं विचारलं, आधी शेक देऊन गाठ लहान नाही का करता येणार. रेडिएशनवाल्या डॉक्टर म्हणाल्या यावर युरोपात मोठा अभ्यास झाला, स्ट्रास नावाचा, २०२० मध्ये त्याचा निकाल छापून आला, सरसकट सगळ्यांना आधी रेडिएशन देऊन एकूण फायदा दिसला नाही, काही ठराविक प्रकारांत विचार करतात, तुमच्या केसमध्ये बोर्डाने सरळ ऑपरेशन ठरवलं आहे. नातेवाइकाच्या प्रश्नाला एवढं नीट उत्तर मिळणं हीच माझ्या मते या हॉस्पिटलची खरी किंमत.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत चाललं. गाठ, डावी किडनी आणि मोठ्या आतड्याचा चिकटलेला भाग एकत्र काढला, आतडं पुन्हा जोडलं, बाहेर पिशवी लावावी लागली नाही. मधे दोनदा बाहेर येऊन सिस्टरने काय चाललंय ते सांगितलं, वेटिंगमध्ये बसलेल्या माणसाला त्या दोन वाक्यांनी किती धीर येतो. रक्त आधी जमा करायला सांगितलं होतं, गावातली पोरं गाडी करून आली.

वॉर्डातल्या सिस्टरबद्दल लिहिलंच पाहिजे. ऑपरेशननंतर तीन बॉलवालं ते फुंकायचं, खरं तर ओढायचं, स्पायरोमीटर देतात. पोटाला एवढा लांब टाका असताना खोल श्वास घ्यायला दुखतं, पेशंट श्वास अर्धाच घेतो आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया व्हायची भीती असते. मोठे बाबा ते हातात घेऊन नुसते बसायचे. रात्रपाळीची सिस्टर यायची, पोटावर उशी दाबून धरायला लावायची आणि म्हणायची बाबा दुसरा बॉल वर गेल्याशिवाय मी काही इथून हलत नाही. आणि खरंच हलायची नाही. पहिल्या दिवशी एक बॉल, तोही थरथरत. घरी जायच्या आधी तिन्ही वर. बेडवरून उठवून चालवायलाही दुसऱ्याच दिवशी लावलं, आम्हाला वाटलं किती कठोर आहेत, पण पायातल्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते गरजेचं असतं.

वॉर्डात बाकीच्या पेशंटशी बोलणं झालं तेव्हा कळलं पोटातल्या या गाठी किती तऱ्हेच्या असतात. बाजूच्या बेडवर गोंदियाकडच्या एक काकू होत्या, त्यांना गाठ हाताला लागतच नव्हती. फक्त थकवा, हिमोग्लोबिन सारखं खाली, दोनदा रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या चालू, कोणी संडासचा रंग विचारला नाही. डांबरासारखी काळी व्हायची. शेवटी एंडोस्कोपी झाली तर जठराच्या भिंतीत गाठ, जिस्ट. हा पचनमार्गाच्या भिंतीतला सॉफ्ट टिश्यूचा ट्यूमर, सगळ्यात जास्त जठरात होतो, त्याखालोखाल लहान आतड्यात, आणि त्यातून आतल्या आत रक्त झिरपत राहतं. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं की यात किट नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, आणि रक्ताच्या कॅन्सरसाठी निघालेली इमॅटिनिब नावाची गोळी नेमकी त्यावरच काम करते. २००२ पासून ती जिस्टसाठी वापरात आहे. त्याआधी साध्या केमोने या आजारात जवळपास काहीच व्हायचं नाही. काकूंची गाठ मोठी होती म्हणून आधी काही महिने गोळी देऊन ती लहान केली आणि मग ऑपरेशन केलं. लोहाची कमतरता पुन्हा पुन्हा होत असेल, खासकरून पुरुषांत किंवा पाळी बंद झालेल्या बायकांत, तर रक्त कुठून चाललंय ते शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या खात राहू नका. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते हे खरं, त्यामुळेच ते लपून जातं.

आणि ओपीडीत एक तरुण मुलगी भेटली, सिझेरियनच्या टाक्याजवळ पोटाच्या भिंतीत कडक गाठ, घरचे रडून रडून बेजार. तिची निघाली डेस्मॉइड. हा दुसरीकडे पसरत नाही, पण जागच्या जागी मुळं पसरल्यासारखा वाढतो, आणि आता बऱ्याच केसमध्ये लगेच कापत नाहीत, एमआरआय करत लक्ष ठेवतात, काही तर आपोआप थांबतात किंवा लहान होतात. तिला डॉक्टर सांगत होते की आज काहीही न करणं हाही उपचारच आहे, आणि तिच्या सासूला ते पटत नव्हतं. टाक्याजवळची गाठ पाळीच्या दिवसात दुखत असेल तर ती एंडोमेट्रिओसिसचीही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक दुसरीकडे वाढणं) असू शकते, म्हणून पाळीशी संबंध आहे का हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

बायकांसाठी अजून एक. फायब्रॉइड म्हणून दुर्बिणीतून काढताना गाठीचे मशीनने तुकडे करून काढायची पद्धत आहे, त्यावर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये इशारा दिला होता, कारण क्वचित ती गाठ फायब्रॉइड नसून सारकोमा निघते आणि तुकड्यांसोबत पोटभर पसरते. पाळी बंद झाल्यानंतर वाढणारा फायब्रॉइड असेल तर ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न नक्की विचारा. लहान पोरांना आंघोळ घालताना पोटात एका बाजूला गोळा लागला तर तो पुन्हा पुन्हा दाबून बघू नका, चार जणांना दाबायला देऊ नका, सरळ डॉक्टरकडे. लहान मुलांमध्ये तो किडनीचा विल्म्स ट्यूमर असू शकतो आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलं बरी होतात.

खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आमचं बरंचसं बसलं, आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते गावातूनच बघून निघा, मोठ्या बाबांच्या नावात एका अक्षराचा फरक होता आणि त्यासाठी दोन खेटे पडले. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याशी ॲडमिट व्हायच्या आधी बोला, नंतर नाही. काही तपासण्या योजनेच्या बाहेर गेल्या, त्याचे पैसे किती लागतील ते काउंटरने आधी लिहून दिलं, बिलात आयत्या वेळी नवीन काही निघालं नाही.

आता तक्रारी. फार्मसीला एकच खिडकी चालू असते आणि दुपारी तिथे तास जातो, ऑपरेशनच्या दिवशी सामान आणायला एक माणूस फक्त रांगेसाठी ठेवावा लागला. पार्किंग लहान, मे महिन्यात उन्हात गाडी लावून चालत यायचं, नागपूरचं ऊन माहीत आहे, पेशंटसोबत म्हातारं माणूस असेल तर आधी गेटवर उतरवून द्या. ओपीडीत पाट्या इंग्रजीतच जास्त, खेड्यातून आलेली माणसं दहा जणांना विचारत फिरतात, एवढं तरी मराठी-हिंदीत लिहायला पाहिजे. कँटीनचे पोहे चांगले, तर्री नाही देत, पण चहा गोड पाणी. फोनवर अपॉइंटमेंट लागता लागत नाही, समोर जाऊनच घ्यावी लागते, आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्याला हे फार जाचक आहे. ओपीडीत डॉक्टर बदलून बदलून येतात, पण फाइल इतकी नीट लिहिलेली असते की दर वेळी पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही.

सध्या फॉलोअप चालू आहे. पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी पोट आणि छातीचा सीटी, मग सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांनंतरही वर्षातून एकदा, कारण लायपोसारकोमा दहा वर्षांनीही त्याच जागी परत येऊ शकतो आणि लहान असताना सापडला तर पुन्हा काढता येतो. हे त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर तारखांसकट लिहून दिलं आहे. किडनी एकच राहिली म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, पाणी भरपूर, बीपी तपासत राहायचं, तेही त्याच कागदावर. मोठे बाबा बागेत जायला लागलेत, वजन उचलणं बंद आहे, फवारणीचा पंप मुलाकडे दिला. मागचा सीटी साफ आला, पुढचा दिवाळीनंतर आहे, आणि या वेळी परतीच्या दिवशीच काउंटरवर उभं राहून तारीख घेऊन ठेवली आहे, तुम्हीपण तसंच करा, फोनच्या भरवशावर राहू नका.